डावा खांदा

वडलांच्या सगळ्या सदऱ्यांना
डाव्या खांद्यावर ठिगळ होतं.
उजवा खांदा शेवटपर्यंत नवा.
सेलूच्या बाजारात कापड घेतानाच आई
वीतभर जास्तीचं फाडून मागायची.
बँडच्या लाल कोटाची डावी झालर
तर मी जन्मायच्या आधीच झडली होती.

गल्लीतली पोरं म्हणायची, पितळेचा अजगर.
घरात आम्ही नुसतं बास म्हणायचो.
वडील तो डोक्यावरून घालायचे, कुडता घालावा तसा.
एक वेटोळं कमरेशी, एक पाठीवर,
आणि वर, डोक्याच्याही वर, परातीएवढं तोंड,
आ वासून पुढच्या वळणाकडे बघणारं.

न्यू गुलशन ब्रास बँड, स्टेशन रोड.
क्लॅरोनेट तोंडाला लावण्याआधी
जब्बार मास्तर दर वेळी सांगायचे,
"सटवा, तू जमीन पकड. आसमान हम देखते."
वडील जमीन पकडायचे.
भों, भों-भों, भों.
चार पावलं, एक श्वास, चार पावलं.

घरी रियाजाला बसायचे तेव्हा
गाणं नसायचंच.
गाण्याचं जोतं तेवढं, वर भिंती नाहीत.
आई भाकरी थापता थापता ओळखायची,
"हे हळदीचं न्हाई, वरातीचं हाय.
आन् हितं दोनदा चुकले तुमी."
आम्ही भावंडं पैजा लावायचो.
धाकटा इंद्रजित कधीच जिंकला नाही,
त्याला सगळी गाणी एकच वाटायची,
आणि तसं त्याचं फार चुकतही नव्हतं.

पूर्ण बँड मी पहिल्यांदा ऐकला
मानवतला, कुणा आडत्याच्या लग्नात.
नऊ वर्षांची होते. डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया
वायर तुडवू नको म्हणून ओरडत होत्या.
क्लॅरोनेट सुरू झालं आणि मला वाटलं,
आमच्या गाण्यावर हा कोण चढून बसला?

लग्न लागलं की वडील बास उपडा करायचे.
अक्षता पडायच्या, पाकळ्या पडायच्या,
एकदा काचेची गोटी,
एकदा सुरळी केलेली दोनची नोट,
एकदा तान्ह्या लेकराचा एका पायाचा बूट,
जो आईनं वर्षभर खुंटीला टांगून ठेवला,
कुणी मागायला येईल म्हणून.
अक्षता धुवून कोंबड्यांना.
मग कळ दाबून पाणी काढायचे,
ती थुंकी नव्हे, दीड कोसाचा श्वास,
थेंब थेंब, दुसऱ्याच्या अंगणात.

त्यांच्या स्वतःच्या लग्नात बँड नव्हता.
वैशाखातली दाट तिथी, सगळा गुलशन पाथरीला.
अंगाची हळद ओली असतानाच
वडील रात्रीच्या गाडीनं निघून गेले
आणि सुपारी वाजवून सकाळी परत आले.
पितळेवर बोटं उमटली असतील, आई म्हणते,
पण पिवळ्यावर पिवळं, कुणाला दिसणार?

मास्तर आता नाहीत.
गुलशनच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.
भंगारवाला दोनदा येऊन गेला.
वडलांनी त्याला काटा लावू दिला,
आकडा बघितला,
आणि बास उचलून परत आत नेला.
वजन चुकीचं आहे म्हणाले.

परवा रात्री गल्लीतून डीजे गेला.
फळीवरची भांडी सरकली.
दाराची कडी, पाण्याचा तांब्या, माझ्या छातीचं हाड,
सगळं एका ठेक्यात.
शब्द कळत नव्हते, चालही नाही,
नुसतं धम्म, धम्म-धम्म, धम्म.
वडील खाटेवर उठून बसले.
मला वाटलं, आता चिडतील.
तर गुडघ्यावर बोटानं मोजत म्हणाले,
"आयकलं का? समदे गेले.
माझाच भाग राह्यला."
थोड्या वेळानं डावा खांदा चोळत,
"पर ह्यो मधी दम घेईना की गं."

अंधारातून आईचा आवाज आला,
"वरातीचं हाय. झोपा आता."