ऊर्फ

पस्तीस वर्षं पत्रं वाटली मी सेंट लॉरेन्सच्या काठानं.
उणे तीसमध्ये मिशीला बर्फ लोंबायचा,
तरी एक पाकीट चुकीच्या दारात पडलं नाही,
असं निदान मी सांगत आलोय.
आता निवृत्त झालोय, फेरा उलटा सुरू आहे:
पत्ता माझ्याजवळ आहे,
पाठवणारा कोण, ते शोधतोय.

बहिणीला, ह्युगेतला, कुलचिन्ह हवं होतं.
सिंह हवा, नाहीतर गरुड तरी,
दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगायला.
मी फोन केला: सापडला गं मूळपुरुष,
बार्तेलमी गाबोरी, प्वातूच्या दलदलीतला.
राजाचा कर चुकवून मीठ विकायचा,
पकडला, आणि शिक्षा म्हणून
ला रोशेलहून जहाजात घातला.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, मीठच का रे? सोनं नव्हतं का चोरायला?

इथं येऊन त्यानं झाडं तोडली, बुंधे जाळले,
हिवाळ्यात बर्फ फोडून वाम मासे धरले,
आणि कुणीतरी त्याला टोपणनाव दिलं.
चर्चच्या वहीत तसंच आहे:
गाबोरी ऊर्फ सांरग्रे.
सांरग्रे, म्हणजे ज्याला पश्चात्ताप नाही तो.
दोन पिढ्यांत गाबोरी गळून पडलं,
ऊर्फ तेवढं राहिलं.
माझ्या दारावर, पेन्शनच्या कागदावर,
आईबापाच्या थडग्यावर तेच आहे.

वाचनालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रापाशी
मी आणि एक बाई, रोज, तीच खुर्ची.
ती आपल्या खलाशांच्या मागावर, मी माझ्या मीठचोराच्या.
एकमेकांना आम्ही गोळ्या देतो, पेपरमिंटच्या.
मंगळवारी मी तिची गोळी हातातच धरून बसलो.

सतराशे अठ्ठेचाळीस, नोव्हेंबर.
पुरली: मार्गरीत, पनीज, वय अंदाजे सोळा,
मालक सांरग्रे.
पनीज म्हणजे पश्चिमेकडून धरून आणलेली, विकत घेतलेली
कुठल्याही टोळीची कुणीही.
बीव्हरच्या कातड्यांसोबत त्यानं तिला होडीतून आणली असणार.
त्याच पानावर, चार ओळी वर, तीन दिवस आधी:
बाप्तिस्मा, मुलगा, आंब्रवाझ.
आई, वर सांगितलेल्या मालकाची मार्गरीत.
वडील अज्ञात.
साक्षीदाराला लिहिता येत नाही, त्यानं फुली काढली.
ती फुली मी ओळखतो.
जमिनीच्या तीन करारांवर पाहिली आहे,
उजवा पाय जरा लांब, घाईत ओढलेला.

आंब्रवाझपासून मी सातवा.
मावशीनं केलेल्या वंशवृक्षात
तो धर्मपत्नीच्या पोटी आलाय, सुंदर अक्षरात,
शाई कुठंही फुटलेली नाही.

पोस्टात एक लाकडी खोका असायचा,
पत्ता अपुरा असलेल्या पाकिटांचा.
सहा महिने ठेवायची, मग जाळायची.
मी कधी त्यात डोकावलो नाही,
माझं काम वाटायचं होतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुणाच्या?

बाहेर नगरपालिकेची गाडी
रस्त्यावर मीठ पसरत चालली आहे.
ह्युगेतचा फोन वाजतोय, सिंहाचं काय झालं विचारणार.
वाजू दे. आधी हे:
मावशीच्या झाडात मी खोडरबर चालवला,
पेन्सिलीला टोक काढलं
आणि लिहायला लागलो, मार्गरीत ऊर्फ,
मग थांबलो. उलटं होत होतं.
मार्गरीत तर पाद्र्यानं ठेवलेलं.
तेच तिचं ऊर्फ.

पुन्हा खोडलं.
आधी रिकामी जागा सोडली,
एका नावाला पुरेल एवढी,
ते लांब असलं तर? म्हणून थोडी जास्तच,
आणि मग लिहिलं,
ऊर्फ मार्गरीत.