सतरावी फेरी

साखळीच्या बसस्टँडमागं, रोहिदासच्या हॉटेलात
दहा हजार मीटर चाललेली.
सतराव्या फेरीला कॅमेरा गेला भालाफेकीकडं,
मग साबणाकडं,
परतला तेव्हा पुढचा मागं होता
आणि मागचा कुठंच नव्हता.

"आठवड्याला दीडशे किलोमीटर. त्याशिवाय पाय बनत नाहीत."
"मोडतात," इनास म्हणाला.
"खाणीचा चढ धाव. आठ वेळा.
लाल थुंकी येईस्तोवर."

मग शाणूनं ती न दिसलेली फेरी
पातळभाजीच्या बशीभोवती मांडली:
पुढं उंडा, खेटून मिरची.
इथं सुटला असणार.
छे, वळणावर.

चहावर साय धरली.
रोहिदासच्या पोरानं येऊन
आघाडीवरचा उंडा
भाजीत बुडवून खाल्ला.

"बघ," इनास म्हणाला,
"कॅमेरा नसला की असंच होतं."