एकाचा नऊ

खोर ख्वैरच्या खाणीमागे ड्रॅगलाइन उभी होती,
अकरा वर्षं बंद.
बूम जमिनीला टेकलेला, बादलीत वाळू,
वाळूत कुणाचीतरी एकच चप्पल.

शेठ म्हणाला, बोल सावर्डेकर,
भंगाराच्या भावात घ्यायची की यंत्राच्या?
मी ड्रमला कान लावला, क्लच ढकलला.
हलला. अर्धा इंच.
त्या अर्ध्या इंचाचे चाळीस हजार दिरहम पडले.

सोडवायला सोळा दिवस.
गुलझमीर, जो तिच्यावर बावीस वर्षं बसला,
रोज येई, टाकीच्या सावलीत टेके,
पिन निघाली की विचारी, तुटली तर नाही?
पिना तेलाच्या डब्यात, बोल्ट गोणत्यांत,
आणि प्रत्येक तुकड्यावर मी पांढरा आकडा घातला,
आपला, पाटीवर गिरवलेला.

परवाना फक्त रात्रीचा. नऊ लो-बेड,
पुढे पोलिसाची गाडी,
पुलाखालून माणसाच्या चालीने.
सक्र बंदरात पहाटे घोळ कळला:
मुकादमाने माझा १ नऊ वाचला होता.
बूमचा शेंडा तळाशी, बुंधा सगळ्यांच्या वर,
जहाजात ती उलटी निजलेली.

तिकडे जोडणार कोण? शेठ ओरडला.
बर्बेराचा गिऱ्हाईक फोनवर हसला,
ज्याने आकडे घातले त्यालाच पाठवा.

एजंटाने माझा पासपोर्ट मागितला.
शेवटच्या ट्रेलरबरोबर आलेला गुलझमीर
धक्क्यावर उकिडवा बसला होता.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
डावा ब्रेक उशिरा धरतो.
तिला आधी सांगावं लागतं.