मानस

सहाव्यांदा बांबोळी.
सहाव्यांदा सगळं नॉर्मल.
पिशवी काढून चौदा महिने झाले
आणि डाव्या टाचेत अजून निखारा,
जिभेवर तांब्याचा कळंक,
पहाटे तीनला कोणीतरी बोटांच्या पेरांत
बारीक मीठ भरून जातं.

"ऑपरेशनशी याचा संबंध नाही,"
तरुण डॉक्टरीण फाईल मिटत म्हणाली.
मग जरा हळू, "मानसिक असेल."

रायबंदरच्या फेरीबोटीत स्कूटरींच्या मधे उभी राहिले,
फाईल उन्हाला आडवी धरून.

आमच्या चोडणला मानस म्हणजे
बांधाच्या पोटातली लाकडी दारं.
भरतीला आपोआप मिटणारी, ओहोटीला उघडणारी.
त्यातली एक फळी कुजली
की खारं पाणी कुठे वर येईल सांगता येत नाही.
दाराजवळचं कोरगुट हिरवंगार
आणि चार मेरा पलीकडे
भात उभ्या उभ्या पिवळं.

मानस राखणारा सांतान
तेव्हा कधी म्हणाला नाही
की शेताला भास होतायत.
शिव्या घालत चिखलात उतरायचा, मांडीपर्यंत,
आणि डोळे मिटून एकेक फळी चाचपायचा.
कधी सापडायचं. कधी नाही.
दुसऱ्या ओहोटीला पुन्हा उतरायचा.

घरी येऊन बांगडे तळले.
वास आला नाही.
मुलीच्या जुन्या भूगोलाच्या वहीत लिहिलं:
मंगळवार. टाच, रात्री तीन ते साडेचार.
तोंड कडू.
दुपारी तासभर बरं वाटलं,
का, ते माहीत नाही.

पुढची तारीख एकोणीस.
वही घेऊन जाणार आहे.