बोलनळी

कोंबड्यांनी वीस-बावीस वर्षं अंडी घातली याच्यात.
नेस्टर हलुष्काच्या बापानं लढाई संपल्यावर लिलावात
अख्खं विमान घेतलं होतं, एका म्हाताऱ्या घोड्याच्या भावात.
चाकं ढकलगाडीला, टाकीत उरलेलं पेट्रोल ट्रॅक्टरला,
सांगाडा परसात. जाळी मारली, झालं खुराडं.

आता नेस्टर स्वतः ऐंशीपार.
मॅनिटोबाचा जानेवारी, बाहेर उणे एकतीस,
हँगरात तीन हीटर, तरी पाना बोटांना चिकटतो.
तो पंखाच्या फासळ्यांवरून अंगठा फिरवत जातो,
लाकूड मऊ लागलं की खडूची फुली.
"हे जाईल."
"हे राहील."
दिवसभरात एवढंच बोलणं.

शिवण माझ्याकडे.
वीतभर सुई, वरून खाली, खालून वर,
दर अडीच इंचांवर गाठ.
जन्मभर मी लग्नाचे झगे शिवले,
तिथे गाठ लपवायची असते.
इथे इन्स्पेक्टर पट्टी लावून मोजतो.
मग रोगण. नेलपॉलिशचा वास, डोकं भणभणतं,
आणि रात्रीतून कापड असं आवळतं
की टिचकी मारावी तर डफ बोलतो.

पिवळाच का, मी विचारलं होतं पहिल्या आठवड्यात.
"बर्फात पडलं तर सापडावं म्हणून."
मी डबा ढवळत राहिले, बराच वेळ.

यानं कधी गोळी झाडली नाही.
पोरांना उडायला शिकवलं फक्त,
मग ती पोरं दुसऱ्या विमानांतून गेली.

काल पुढच्या सीटखाली बोलनळी सापडली.
इंजिनाच्या गोंगाटात मास्तर हिच्यातून ओरडायचा,
मागं एकोणीस वर्षांचं कुणी, कानात तेवढा एकच आवाज.
रबराचा भुगा झालेला, पितळेचं कोपर शाबूत,
आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं.
नेस्टर तारेनं टोकरत बसला, तासभर.
रेडिओ बसवणारच आहोत, म्हटलं, कशाला?
त्यानं नवी नळी जोडली,
मला मागं बसवलं, टोपडं चढवलं, कानाशी टोक दिलं,
आणि पुढं जाऊन बसला.

आधी नुसता श्वास.
मग, हळू,
"त्सिप, त्सिप, त्सिप, त्सिप..."
त्याची आई दाणे टाकताना अशीच हाक मारायची,
हे त्यानं नंतर, चहा पिताना सांगितलं.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.
उजवा पाय दाबला.
लांब शेपटाकडे तार कुरकुरली
आणि सुकाणू वळलं.