बहुतेक

बॉनमधल्या त्या ऑफिसात माझं काम एवढंच होतं:
दोनशे चौदा पानांचं एक पान करायचं.
मंत्र्याला लिफ्टमध्ये वाचून संपवता आलं पाहिजे,
असं गुद्रुन म्हणायची, आणि हिरव्या पेन्सिलीनं
माझी विशेषणं खुडायची,
मेथी निवडावी तशी.

सहा महिन्यांची इंटर्नशिप.
टेबलासमोर भिंतीवर एक तक्ता:
शंभरात नव्व्याण्णव वेळा, तर कुठला शब्द,
शंभरात नव्वद, तर कुठला,
सहासष्टच्या खाली उतरलात तर कुठल्याला हात लावायचा नाही.
शब्दांना तिथे वजनकाटा होता.
मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.
आमच्याकडे 'बघू' म्हटलं की त्यात
होकार, नकार आणि पुढचा मंगळवार, तिन्ही मावतात.

दुपारी वार्ताहरांचे फोन.
'एक आकडा द्या.'
मी म्हणायचे, आकडा नाही, पट्टा आहे, इथपासून इथपर्यंत.
'बरं, मग मधला द्या.'

आकृती चार:
किनाऱ्यालगतच्या सखल वस्त्या, दक्षिण आशिया.
त्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका.
अक्षांश-रेखांश टाकून पाहिले,
रे रोड निघाला.
म्हणजे लाकडाच्या वखारी, जहाजांचं भंगार,
आमची मोरी,
आणि भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला ती तपकिरी रेघ
जिच्यावरून आई दर दिवाळीला चुना फिरवायची.

पान तीन ओळींनी सांडत होतं.
काय काढायचं, गुद्रुननं विचारलं.
तिला काय माहीत.
आकृती चार मीच काढली.
पान देखणं दिसायला लागलं. चारी बाजूंनी समास सुटला.

परत आल्यावर तो कागद बाबांना दाखवला.
पालिकेच्या पंपिंग स्टेशनात सदतीस वर्षं,
दरवाजे कधी पाडायचे, पंप कधी सुरू करायचे.
आता निवृत्त, पण भरतीच्या वेळा अजून
कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या खाड्यांशेजारी.
चष्मा पुसून सगळं वाचलं.
मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. कोरी.
'आपलं कुठंय यात?'

हा सारांश असतो, मी म्हटलं, जागा नसते.
'बरोबर आहे,' ते म्हणाले,
'लॉगबुकातला रकानाही छोटाच असायचा.'
समजुतीनं म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

गुरुवारी वॉर्ड ऑफिसात बोलायचं होतं, मराठीतून.
बुधवारी रात्री मी आमचा तक्ता करायला बसले.
'बाबा, "बहुधा" कधी म्हणायचात?'
'बहुधा पेपरात असतं.'
'कदाचित?'
'कदाचित म्हणजे साहेब फोन उचलत नाहीये.'
'बहुतेक?'

ते थांबले.
'बहुतेक म्हटलं की मोकल सायकल घेऊन खालच्या गल्लीत जायचा,
हाळी द्यायला.
बायका गाद्या, पीठ, पोरांची दप्तरं माळ्यावर टाकायच्या.'
'आणि पाणी आलंच नाही तर?'
'तर मोकलला शिव्या.'
'असं किती वेळा?'
त्यांनी बोटं मोजली. अंगठ्यापाशी अडले, पुन्हा मोजली.
'दहातून तीनदा. चारदा धर.'
'तरी पुढच्या वेळी टाकायच्या माळ्यावर?'
'टाकायच्या की.
मोकल भिजून आलेला असायचा.'

मी लिहून घेतलं:
बहुतेक, शंभरात साठ ते सत्तर.
सायकलचं काय करायचं ते कळेना.
समासात लिहिलं.

गुरुवारी टेबलावर आकृती चार पसरली, मोठी करून.
पंखा वर फडफडत होता, कोपऱ्यांवर पेपरवेट.
दोन वार्ताहर, त्यातल्या एकाचं घड्याळाकडे लक्ष:
'मॅडम, एक आकडा मिळेल का?'
तेवढ्यात चहा आला,
आणि अभियंत्यांनी कप ठेवला तो नेमका ठिपक्यावर.

'साहेब, कप जरा उचलता?'
त्यांनी उचलला. खाली ओला गोल.
'हां,' ते म्हणाले, 'बोला.'

मी मोकलपासून सुरुवात केली.