एक मिलिमीटर कोबी

शलाका फोनवर म्हणाली, बाबा, लॉ.
मी विचारलं, कुठला कायदा?
मग तिनं लिहून पाठवलं: स्लॉ.
कोबी, गाजर, आंबटगोड ड्रेसिंग,
वरून काहीतरी कुरकुरीत.
शनिवारी येतोय, थांगाला आवडतो.

महात्मानगरच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला होता,
रेघ उजवीकडे पांडवलेण्याच्या पायऱ्या उतरत गेलेली.
चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी अर्धी गेली.
स गेला, श गेला.
लेकीला हाक मारतो पूर्ण,
माझ्या कानाशी पोचते नुसती लाका.

बुधवारच्या बाजारात, गंगेवर,
गिरणाऱ्याच्या थेटेमावशींकडून गड्डा घेतला.
बेअरिंग तपासावं तसा दोन्ही हातांत धरून हलवला,
आत खेळ नको.
कोबी आहे भाऊ, मावशी म्हणाल्या, नारळ नाही.
भाऊ म्हणताना ओठ मिटून उघडतात,
तेवढं मला छान वाचता येतं.

सातपूरला एकतीस वर्षं लेथवर काढली.
कीस पायाशी पडायचा, निळसर, गरम, कुरळा.
तिथं कीस भंगारात, नग पेटीत.
इथं कीस हाच नग.
आणि उरतो तो दांडा,
तो मी उभ्या उभ्या खातो, कुणी बघायच्या आत.

कुंदा म्हणते विळी घ्या.
गुडघे नाही म्हणतात.
सुरी मीच लावलीय, तेलाच्या दगडावर,
कागद आपणहून दोन होतो.
एक मिलिमीटर.
जाड झाला तर म्हशीपुढं टाकायचा,
पातळ झाला तर तासाभरात ओला रुमाल.
मग बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं,
मग धोतराच्या जुन्या पंच्यात गच्च पिळून कोरडा.

पिंपळगावच्या काळ्या मनुका भिजवून वाटल्या.
चिंचेचा कोळ. आल्याचा रस. फेसलेली मोहरी.
शलाकाचं म्हणणं, सोया सॉस.
कुंदाचं म्हणणं, हिंग.
दोघींचं ऐकलं,
म्हणजे एकीचं वाचलं आणि एकीचं घाबरून मानलं.
बोट बुडवून चाखलं:
आधी गोड, मग जीभ दचकून मागं सरते,
मग मोहरी थेट नाकात
आणि डोळ्यांत पाणी, काही कारण नसताना.

वर तळलेले नूडल्स घाला, असं होतं.
मी रविवार कारंज्यावरून पातळ पोह्यांचा चिवडा आणला.
कढीपत्ता तसाच ठेवला.
दाणे अर्धे करून टाकले, ते मात्र भाजून.

शनिवारी थांगा आला, ऐझॉलचा जावई,
मराठी येते दोन शब्द: हो आणि बास.
मला येतं सगळं, पोचतं निम्मं.
सोफ्यावर आम्ही दोघं
पंख्याकडे बघत बसलो, बराच वेळ.

ड्रेसिंग ताटं मांडल्यावर ओतलं.
आधी ओतायचं नाही, हे मी कुणाचं ऐकणार नाही.

पहिला घास.
जबड्यातून वर चढला आवाज,
हाडाहाडांतून, भरघोस,
सकाळची शिफ्ट सुरू होताना
सगळी मशिनं एकदम घ्यायची तशी पकड.
कानाचं काही काम नव्हतं त्यात.
मी डोळे मिटले. कधीपासून
एवढं मोठं काही माझ्या आत वाजलं नव्हतं.

उघडले तेव्हा कुंदा काहीतरी सांगत होती.
शलाका गाल भरून म्हणाली, काय?
थांगा म्हणाला, हो?
कुंदानं पुन्हा सांगितलं. दोघं पुन्हा काय, हो.
चिवडा, कोबी, दाणे,
त्या दळणात कुणाला कुणाचं ऐकू येणार.

ओठ मिटले, मग रुंद झाले.
मी मिठाची बरणी सरकवली.

घातलंच नव्हतं मी.
पाणी सुटतं.